घरी शिकणाऱ्या मुलांना इतिहासाचं कोणतं पुस्तक द्यावं?

मागच्या व्याख्यानानंतर इथल्याच, भुसावळच्या एका जोडप्यानं आम्हाला गाठलं. त्यांची मुलगी दहा वर्षांची. तिला शाळेत न पाठवता ते घरीच शिकवतात, पुढे मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसवणार आहेत. गणिताची, विज्ञानाची त्यांना काळजी नव्हती. प्रश्न एवढाच होता, "सर, इतिहासाचं एखादं समतोल पुस्तक सांगा. तेवढं आणून देतो."

आम्ही त्या दिवशी उत्तर दिलं नाही. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी सुट्टीत आलेल्या नातवाला आम्ही मराठेशाहीवरचं एक पुस्तक दिलं होतं. आम्हाला लहानपणी फार आवडलेलं. चार दिवसांनी तो म्हणाला, "आजोबा, यात आपली माणसं कधी चुकतच नाहीत का?" आम्ही जन्मभर मुलांना तत्त्वज्ञान शिकवलं, आणि त्या वेळी उत्तर काय दिलं, तर "तू मोठा झालास की कळेल." ही आमची पळवाट होती. आम्ही त्याला इतिहास दिला नव्हता, आमचा अभिमान दिला होता, आणि ते त्याला आमच्या आधी कळलं.

आता 'समतोल' म्हणजे काय ते बघू. बरेच लोक समजतात, एक पारडं स्तुतीचं, एक निंदेचं, की झालं. उदाहरण आपल्या गावचंच. "इंग्रजांनी लुटलं, पण रेल्वे दिली." हे वाक्य वरवर समतोल दिसतं. भुसावळची निम्मी घरं रेल्वेच्या पगारावर उभी राहिली, त्यामुळे आपल्याला ते पटतंही. पण 'दिली' म्हणजे कोणी, कोणासाठी? 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा झाला. त्याच दशकात खानदेशातून आणि वऱ्हाडातून मुंबईकडे लोहमार्ग झाले, 1867 ला गाडी नागपूरला पोचली. हे मुलीला सांगितलं की 'दिली' या शब्दाजवळ ती आपोआप थांबते.

क्रियापद ही मराठीतली फार बोलकी गोष्ट आहे. इतिहासाचं कुठलंही मराठी पुस्तक घ्या आणि मुलांना फक्त क्रियापदांखाली रेघा मारायला सांगा. एक राजा 'गेले', दुसरा 'आला'. एकाचे सैनिक 'धारातीर्थी पडले', दुसऱ्याचे 'कापले गेले'. लेखक कोणत्या बाजूला उभा आहे ते मुलांना पाच मिनिटांत कळतं. आदरार्थी बहुवचन वापरू नका, असं आम्ही म्हणत नाही. आम्हीही 'महाराज आले' असंच म्हणतो, आणि म्हणणार. फक्त ते आपण म्हणतो आहोत, हे माहीत असावं.

याचं सगळ्यात अवघड उदाहरण आपल्या सातपुड्यात आहे. खाज्या नाईक. सेंधव्याच्या घाटाची राखण करायला सरकारी नोकरीत होते, मध्ये तुरुंगातही गेले, आणि 1857 मध्ये भिल्लांना घेऊन उठले. 11 एप्रिल 1858 ला आंबापाणीला इंग्रजी फौजेशी लढाई झाली. भिल्लांच्या बायकाही मोठ्या संख्येनं पकडल्या गेल्या. इंग्रजांनी 1880 ला खानदेशाचं गॅझेटियर छापलं, त्यात हे सगळं बंडाळी आणि लूटमार म्हणून येतं. आजच्या पुस्तिकांत ते क्रांतिवीर म्हणून येतात, पण आधीच्या नोकरीची ओळ पुष्कळदा गळते. आमच्या मते ती ओळ गाळून त्यांचा मान वाढत नाही. ज्या सरकारचा पगार घेतला त्याच्यावरच हा माणूस का उलटला, हाच तर खरा प्रश्न आहे, आणि दहा वर्षांच्या मुलीला तो पडू शकतो.

आणि मुलांना असे प्रश्न झेपत नाहीत असं कोणी म्हणालं, तर आम्ही नीलकंठ जनार्दन कीर्तने यांचं नाव घेतो. सातारला राहिलेल्या ग्रँट डफनं 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिला. त्याचा मराठी अनुवादही लवकरच झाला, आणि आपल्या दोन पिढ्यांना स्वतःचा इतिहास एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नजरेतून वाचावा लागला. 1860 च्या दशकात कीर्तने नावाच्या विशीतल्या पोरानं त्यावर टीका लिहिली. त्यानं डफला शिव्या दिल्या नाहीत. चुका दाखवल्या, आणि डफनं वापरलेले मूळ कागद आहेत कुठे, असं विचारलं. पुढे राजवाड्यांनी गावोगाव दप्तरं धुंडाळली, 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली. आमच्या दृष्टीनं दोघांचा प्रश्न एकच, हे तुला कशावरून कळलं? (डफच्या मेहनतीबद्दल मात्र कीर्तने-राजवाड्यांइतका आदर आपल्या भाषणांत दिसत नाही, हे जाता जाता.)

तर त्या जोडप्याला आम्ही परवा फोन केला. म्हटलं, एक पुस्तक मागू नका, दोन घ्या, आणि ती एकमेकांशी भांडणारी असू द्या. पहिलं बालभारतीचं. ते संकेतस्थळावर फुकट मिळतं, आणि बाकीची मुलं काय वाचतात हे तिला माहीत असायला हवं. दुसरं असं निवडा, ज्यात लेखक निदान काही ठिकाणी सांगतो की हे बखरीत आहे, हे पत्रात आहे, हे आमचं अनुमान आहे. शेवटी साधनांची यादी नसली तर पुस्तक लगेच टाकू नका, पण मुलीला सांगा की यादी नाही. आणि जे पुस्तक वाचून तुम्हाला स्वतःला फार बरं वाटेल, ते तिच्या आधी तुम्ही दुसऱ्यांदा वाचा.

वडील म्हणाले, "सर, वेळ कुठून आणायचा?" रास्त आहे. घरी शिकवणाऱ्यांचं हेच दुखणं आहे. शाळेत निदान चार शिक्षक चार मतांचे असतात, घरात आई-बापच सगळे विषय आणि सगळी मतं. म्हणून तर दुसरं पुस्तक हवं. ते घरातला दुसरा मास्तर असतं.

मग आम्ही त्यांना एक रविवार मागितला. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, राजवाडे 1926 च्या शेवटी धुळ्यातच वारले. तिथे मुलीला जुनी कागदपत्रं दाखवू. आई म्हणाली, "तिला मोडी कुठे येते?" नाही येत. आम्हालाही अडखळतच येते. जायचं ठरलं आहे, नातूही येणार आहे. त्याच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे अजून बाकी आहे.