नव्या आरक्षकाचे पगारपत्रक

पोलिसांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. गुन्हेतपासाच्या कथा आहेत, निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणी आहेत, अग्रलेख तर असंख्य आहेत. या सगळ्यांत शिपाई जागोजागी भेटतो. तो किती पगारावर रुजू झाला, प्रशिक्षणाच्या काळात त्याच्या हातात काय पडले, पहिली रजा कधी मंजूर झाली, बंदोबस्तावरून परतल्यावर तो झोपतो कुठे, याची चौकशी करणारे लेखन मात्र थोडके आहे. दलात सर्वाधिक संख्या शिपाई-हवालदारांचीच असते, आणि सामान्य माणसाची पोलिसांशी पहिली गाठ पडते तीही त्यांच्याच रूपाने. म्हणून हा विषय आस्थेने अभ्यासण्याजोगा आहे. आजवर तो रूक्ष वाटला असेल, तर तो दोष मांडणीचा आहे. वाचकांनी काही पाने सोबत यावे, एवढीच विनंती.

या अभ्यासासाठी नवा रायपूर निवडण्यामागे कारणे आहेत. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. जुन्या रायपुरापासून सुमारे वीस किलोमीटरवर वसवलेल्या या राजधानीत मंत्रालय आहे, पोलीस मुख्यालयही आहे. बस्तरच्या शेवटच्या चौकीवर लागू होणारा वेतनाचा वा रजेचा आदेश येथूनच निघतो. राज्य तरुण असल्याने त्याच्या पोलीस दलाची घडण एका पिढीच्या आठवणीत मावते, आणि अभ्यासकाला ही मोठीच सोय आहे.

मराठी वाचकाला हा प्रदेश परका नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहत. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर व रायपूर एकाच प्रशासनाखाली राहिले. आज गोंदिया आणि गडचिरोली हे आपले दोन जिल्हे छत्तीसगडला लागून आहेत. सीमेच्या अलीकडचा शिपाई आणि पलीकडचा आरक्षक एकाच जंगलात गस्त घालतात. तिकडे शिपायाला आरक्षक आणि हवालदाराला प्रधान आरक्षक म्हणतात, एवढे लक्षात ठेवले की तिथली कागदपत्रे वाचताना अडचण येत नाही.

शिपायाच्या पगाराचा प्रश्न जुना आहे. १८६१ च्या पोलीस कायद्याने आजच्या दलाचा पाया घातला. १९०२-०३ च्या पोलीस आयोगाचे अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर हे मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त राहिलेले, म्हणजे नागपूर-रायपूरची व्यवस्था जवळून पाहिलेले गृहस्थ होते. तुटपुंज्या पगाराचा आणि लाचखोरीचा संबंध त्या आयोगाने उघडपणे मांडला, आणि शिपायाला महिन्याला किमान ८ रुपये मिळावेत अशी शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. फेब्रुवारी १९७९ मधला त्याचा पहिला अहवाल मुख्यतः शिपायांविषयी आहे. शिपाई दिवसाला १० ते १६ तास आणि आठवड्याचे सातही दिवस राबतो, हे त्यात नोंदलेले आहे. शिपायाला अकुशल कामगारांच्या रांगेत न बसवता कुशल मानावे, असाही आयोगाचा आग्रह होता. नव्याने अभ्यासाला बसणाऱ्याने सुरुवात या अहवालापासून करावी.

आता प्रत्यक्ष पगारपत्रक समोर घेऊ. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत छत्तीसगडचा आरक्षक स्तर ४ मध्ये येतो. त्याची वेतनश्रेणी १९,५०० ते ६२,००० रुपये आहे. महाराष्ट्रातला पोलीस शिपाई एस-७ या स्तरात, म्हणजे २१,७०० ते ६९,१०० च्या श्रेणीत लागतो. दोघांच्या सुरुवातीच्या मूळ वेतनात २,२०० रुपयांचे अंतर आहे. मूळ वेतनावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता चढतो, वर्षाला ३ टक्के वाढ मिळते, म्हणजे १९,५०० चे पुढच्या वर्षी २०,१०० होतात. इथपर्यंतचा हिशेब कोणालाही जमेल.

पण पगारपत्रक एकटे वाचू नये, त्याच्या शेजारी ड्युटीचा तक्ता ठेवावा. भत्ते बाजूला ठेवून १९,५०० रुपयांना महिन्याच्या २६ दिवसांनी आणि रोजच्या ८ तासांनी भागले, तर तासाला सुमारे ९४ रुपये पडतात. तोच आरक्षक तीसही दिवस बारा-बारा तास उभा राहिला, तर हाच आकडा ५४ वर येतो. कागदावरचा पगार एका रुपयानेही कमी झालेला नसतो. पोलीस संशोधन व विकास ब्युरोने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देशभरातील ठाण्यांमधले सुमारे ९० टक्के कर्मचारी आठ तासांहून अधिक काम करत असल्याचे आढळले होते. तेव्हा दुसरा भागाकार काल्पनिक समजू नये.

नवशिक्याचा हिशेब आणखी वेगळा असू शकतो. जुलै २०२० मध्ये छत्तीसगड शासनाने सरळ भरतीच्या कर्मचाऱ्यांचा परिवीक्षाकाळ तीन वर्षांचा केला, आणि त्या काळात किमान वेतनाच्या अनुक्रमे ७०, ८० व ९० टक्के विद्यावेतन देण्याचे ठरवले. १९,५०० वर हा नियम लावून पाहा. पहिल्या वर्षी १३,६५०, दुसऱ्या वर्षी १५,६००, तिसऱ्या वर्षी १७,५५०. ही कपात मागे घेण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली. निवृत्तिवेतनाचेही तसेच. १ नोव्हेंबर २००४ नंतर लागलेल्यांना अंशदायी योजना होती, आणि २०२२ मध्ये राज्याने जुनी योजना पुन्हा आणली. म्हणून कोणत्याही आरक्षकाच्या वेतनाविषयी बोलताना तो कोणत्या वर्षी लागला, हे आधी विचारावे.

सेवेच्या अटी रुजू होण्याच्या दिवशी सुरू होतात असे आपण धरून चालतो. उमेदवाराच्या लेखी त्या जाहिरातीच्या दिवशीच सुरू झालेल्या असतात. छत्तीसगडमध्ये उपनिरीक्षक वर्गाच्या पदांची जाहिरात २०१८ मध्ये निघाली, २०२१ मध्ये पदे वाढवून ती ९७५ झाली, आणि अंतिम निकाल लागला ऑक्टोबर २०२४ मध्ये. सहा वर्षांत माणसाचे वय वाढते, घरची जबाबदारी वाढते, मैदानावरचा सराव मात्र रोज करावाच लागतो. आरक्षकाच्या शारीरिक चाचणीत १०० व ८०० मीटर धावणे, लांब उडी, उंच उडी आणि गोळाफेक असे पाच प्रकार असतात. हा सराव गावातला मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या खर्चाने करते. बुटांचा, खुराकाचा, शहरातल्या खोलीभाड्याचा हा खर्च कुठल्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. महाराष्ट्रातही पहाटे मैदानावर धावणारी मुले पाहिलेल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको.

बस्तरचे प्रकरण या विषयातले सर्वांत अवघड आहे. तेथे विशेष पोलीस अधिकारी म्हणून नेमलेल्या आदिवासी तरुणांना महिन्याला ३,००० रुपये मानधन मिळत असे, आणि काम होते सशस्त्र नक्षलवाद्यांशी लढण्याचे. पाचवी शिकलेले तरुणही त्यांत होते. नंदिनी सुंदर व इतर विरुद्ध छत्तीसगड राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी या नेमणुकांचा असा वापर घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर राज्याने सहायक सशस्त्र दल उभारले, आणि त्यातल्या सहायक आरक्षकांचा समान वेतनाचा व बढतीचा प्रश्न पुढे अनेक वर्षे चालला. जिल्हा राखीव दल आणि २,१०० पदांचे ‘बस्तर फायटर्स’ हे याच वाटेवरचे आणखी टप्पे आहेत. २०२२ मध्ये ‘बस्तर फायटर्स’मध्ये नऊ तृतीयपंथी उमेदवारांची निवड झाली, ही या इतिहासातली अभिमानाने नोंदवावी अशी गोष्ट आहे. गडचिरोलीच्या सी-६० पथकाची आणि तिथल्या पोलिसांना मिळणाऱ्या दीडपट वेतनाची माहिती असलेल्यांना येथे तुलनेला चांगला वाव आहे.

हा अभ्यास नागरिकांनी का करावा, याचे उत्तर राज्यघटनेत सापडते. अनुच्छेद ३३ आणि १९६६ च्या पोलीस दल (हक्कांवर निर्बंध) कायद्यामुळे पोलिसांच्या संघटना-स्वातंत्र्यावर मर्यादा आहेत. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी संप केला, तेव्हा त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली. छत्तीसगडमध्ये जून २०१८ मध्ये पोलिसांची कुटुंबे रस्त्यावर उतरली, कारण वर्दीतल्या माणसाला तसे करता येत नव्हते. २०१९ च्या सुरुवातीला साप्ताहिक सुटीचा आदेश निघाला. डिसेंबर २०२१ मध्ये सहायक आरक्षकांच्या घरच्या बायका मागण्या घेऊन नव्या रायपूरच्या दिशेने निघाल्या. ज्याला स्वतःसाठी बोलण्याची मुभा कमी, त्याच्या बाजूचे कागद इतरांनी नीट वाचणे अधिक गरजेचे ठरते.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकांनी तीन पथ्ये पाळावीत. आदेश आणि अंमल यांतले अंतर नेहमी तपासावे. साप्ताहिक सुटीचा आदेश निघाला, यावरून सुटी मिळाली असे मानू नये. दोन राज्यांची तुलना करताना मूळ वेतनावर न थांबता घर, रजा, प्रशिक्षण आणि बढतीची वाट हे सारे एकत्र पाहावे. आणि शिपायाशी बोलताना त्याची नोकरी अडचणीत येणार नाही, याची काळजी घ्यावी. नाव न लिहिताही पुष्कळ लिहिता येते.

सुधारणा होत नाहीत, असा समज करून घेण्याचे कारण नाही. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. त्याचा आराखडा त्याच दलातल्या एका कर्मचाऱ्याने आकडेमोड करून मांडला होता, आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो अमलात आणून पाहिला. खालच्या पायरीवरच्या माणसाला स्वतःच्या कामाचा हिशेब उत्तम कळतो, याचा हा मराठी पुरावा आहे.

वाचकहो, पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे. वेतनाचा आणि तासांचा निर्णय दिल्लीत होत नाही, तो नव्या रायपुरात आणि मुंबईत होतो, आपण निवडून दिलेल्या विधानसभांसमोर होतो. पुढच्या वेळी भरतीची जाहिरात वाचाल, तेव्हा पदांच्या संख्येवर थांबू नका. पगार किती, तास किती, सुटी कधी आणि राहायचे कुठे, हे चार प्रश्न आपल्या आमदाराला विचारा, आणि आलेली उत्तरे तारखेसह लिहून ठेवा.