गाणं दिसू लागलं तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही नावाची वाहिनी सुरू झाली. दिवसरात्र गाणी दाखवायची, एवढाच तिचा उद्योग. पहिलं गाणं लावलं ते 'बगल्स' या इंग्रज मंडळींचं. त्या गाण्याच्या नावाचा अर्थ असा की, व्हिडिओनं रेडिओच्या गायकाचा जीव घेतला. आज चाळीसहून अधिक वर्षांनी ही हकिगत मी तुम्हाला रेडिओवरूनच सांगतो आहे. तेव्हा रेडिओ मेला नाही हे सिद्धच आहे. पण गाण्याचं मात्र त्या दिवसापासून काहीतरी बदललं, हेही खरं.

तुम्ही म्हणाल, गाणी बघायची सवय आम्हाला आधीपासून होतीच की! 'छायागीत' होतं, 'चित्रहार' होता. होता ना. पण तिथं पडद्यावर ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा. गाणारा कधी दिसायचा नाही. म्युझिक व्हिडिओत गाणारा स्वतः समोर आला, त्याचे वाजवणारे साथीदार समोर आले, आणि मागेपुढे कुठला सिनेमा नव्हता. तीन-चार मिनिटांत जे काय सांगायचं ते सांगून मोकळं व्हायचं. एका अर्थानं कवितेसारखंच.

या व्हिडिओच्या काळात ज्या संगीतानं जगभरच्या पोरांना वेड लावलं, त्यात एक होतं फंक रॉक. त्यातलं फंक हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत. १९६५ च्या आसपास जेम्स ब्राऊन या गायकानं त्याला आकार दिला. त्याची किल्ली सोपी आहे. आपल्या तबल्यात जशी सम असते, तसा त्यात पहिल्या मात्रेवर सगळा भार. बाकीची वाद्यं इकडेतिकडे खेळतील, थांबतील, खोड्या काढतील; पण पहिल्या ठोक्यावर सगळ्यांनी एकत्र यायचं. आणि एरवी मागे राहून खर्ज सांभाळणारी बेस गिटार यात पुढे येऊन बोलू लागते. कव्वालीत टाळी पडली की जी लहर अंगातून जाते, तिची ही दूरची बहीण समजा.

गंमत अशी, किंवा दुःख म्हणा, की एमटीव्हीनं सुरुवातीला काळ्या गायकांना जवळजवळ दारातच उभं ठेवलं. 'सुपर फ्रीक' हे फंकचं तुफान चाललेलं गाणं गाणाऱ्या रिक जेम्सनं याविरुद्ध उघड आवाज उठवला. १९८३ मध्ये मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' लागलं आणि ते दार उघडलं. पुढे त्याच पडद्यावर गोऱ्या पोरांनी फंकच्या ठेक्याला रॉकची गिटार जोडून नाव काढलं. लॉस एंजेलिसचा 'रेड हॉट चिली पेपर्स' हा बँड त्यांतला. हुंदडणारा, आरडाओरडा करणारा, अंगात वारं शिरल्यासारखा नाचणारा.

पण या बँडचं घराघरात पोचलेलं गाणं कोणतं? 'अंडर द ब्रिज'. ते गाण्यासाठी लिहिलंच नव्हतं. गायक अँथनी कीडिस यानं आपल्या वहीत एक कविता लिहून ठेवली होती. नशेतून बाहेर पडलेल्या माणसाचा एकटेपणा, आणि सोबतीला फक्त आपलं शहर. हे आपल्या बँडला शोभायचं नाही, असं त्याला वाटत होतं. निर्माता रिक रुबिन याच्या नजरेस ती वही पडली आणि त्यानं आग्रह धरला. १९९२ मध्ये ते गाणं स्वतंत्रपणे निघालं आणि अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याचा व्हिडिओ गस व्हॅन सँट या चित्रपट दिग्दर्शकानं केला. गायक शहराच्या रस्त्यांवरून चालतो आहे, एवढंच मुख्यतः त्यात आहे. त्या वर्षी एमटीव्हीच्या पुरस्कारांत प्रेक्षकांनी सर्वांत जास्त पसंती दिली ती याच व्हिडिओला. ठेक्यासाठी ओळखला जाणारा बँड, आणि लोकांनी उराशी धरली ती त्याची संथ कविता. मी कवी आहे. ही गोष्ट मी संधी मिळेल तिथं सांगतो.

हे सगळं आपल्यापर्यंत आलं कसं? १९९१ मध्ये हाँगकाँगहून स्टार टीव्हीचं उपग्रह प्रक्षेपण सुरू झालं आणि त्यावर एमटीव्ही आशिया दिसू लागली. आमचं हे शहर, तेव्हाचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. इथंही गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवल्या, विजेच्या खांबांवरून केबलच्या काळ्या वायरी लोंबू लागल्या. मी तेव्हा बी.ए.ला होतो. शहागंजात एका चहाच्या हॉटेलात रंगीत टीव्ही होता. अर्धा चहा घेऊन आम्ही तासभर बसायचो. इंग्रजी शब्द निम्मेही कळत नसत. ठेका मात्र पहिल्या ऐकण्यातच कळे.

आणि एके दिवशी त्याच वाहिनीवर आपल्या मुंबईचा बँड दिसला. त्याची गोष्ट खरं तर १९८४ पासूनची. महेश तिनईकर हा गिटारवादक आणि मार्क सेल्विन हा बेसवादक यांच्यासह 'रॉक मशीन' नावानं तो उभा राहिला. पुढे उदय बेनेगल गायला आला, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, ड्रमवर मार्क मेनेझिस, दुसऱ्या गिटारवर जयेश गांधी. ही सहा आडनावं एका श्वासात म्हणून पाहा. मुंबईच्या लोकलचा एक डबाच डोळ्यांसमोर येतो.

त्या काळात आपल्याकडचे बहुतेक रॉक बँड परदेशी गाणी जशीच्या तशी वाजवत. जितकी हुबेहूब नक्कल तितकी टाळी जास्त. रॉक मशीननं १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम काढला, १९९० मध्ये दुसरा. धोबी तलावाच्या रंगभवनात, उघड्या आभाळाखाली, त्यांना ऐकायला पोरांची झुंबड उडे. यांचं संगीत अगदी फंक रॉक नव्हे, रॉकच. पण लाट तीच आणि पडदाही तोच. 'टॉप ऑफ द रॉक' आणि 'प्रिटी चाइल्ड' या गाण्यांचे व्हिडिओ एमटीव्ही आशियावर लागू लागले. १९९३ मध्ये बँडनं नाव बदललं. 'इंडस क्रीड'. इंडस म्हणजे सिंधू. यंत्राचं नाव टाकून नदीचं घेतलं. त्याच वर्षीच्या एमटीव्ही पुरस्कारांत आशियाच्या प्रेक्षकांची पसंती 'प्रिटी चाइल्ड'ला मिळाली.

१९९३ हे साल मुंबईनं कसं काढलं, हे मी वेगळं सांगायला नको. जानेवारीत दंगल, मार्चमध्ये बॉम्बस्फोट. माणसं एकमेकांची आडनावं विचारून मग बोलत होती. त्याच शहरातली ही सहा आडनावं त्याच वर्षी एका ठेक्यावर उभी राहून जगासमोर गात होती. त्यांनी काही संदेश द्यायचा म्हणून हे केलं नसेल. ते फक्त एकत्र वाजवत होते. पण एकत्र वाजवायचं म्हणजे दुसऱ्याची सम ऐकावी लागते, आणि त्या वर्षी ही काही लहान गोष्ट नव्हती.

मग हा बँड कुठे गेला? वारं फिरलं. १९९४ मध्ये एमटीव्ही स्टारपासून वेगळी झाली आणि चॅनल व्ही आली. वाहिन्यांच्या ध्यानात आलं की, हिंदुस्थानात धंदा करायचा तर हिंदी बोललं पाहिजे. १९९२ मध्येच बाबा सेहगलनं 'ठंडा ठंडा पानी' म्हणून रस्ता दाखवला होता. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं, त्याच वर्षी दलेर मेहंदी आला आणि देशभर इंडिपॉपची धूम सुरू झाली. त्याच १९९५ मध्ये 'इंडस क्रीड' याच नावाचा अल्बम निघाला, चांगला निघाला. पण पडद्यावरची जागा आकसत गेली होती. १९९७ मध्ये बँड विसर्जित झाला. ज्या खिडकीतून ते जगाला दिसले, ती खिडकी दुसऱ्या दिशेला उघडली गेली. पुढे २०१० मध्ये काही जुने, काही नवे गडी पुन्हा जमले, २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बमही आला. पण तोवर चहाच्या हॉटेलात टीव्हीपुढे बसणारी पोरं आपापल्या संसाराला लागली होती.

आता मुद्द्याची गोष्ट. या बँडला कायम विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, 'तुम्ही इंग्रजीत का गाता? आपल्या भाषेत का नाही?' हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. मला तो उलट्या बाजूनं विचारतात. 'तुम्ही मुसलमान, मग उर्दूत का लिहीत नाही? मराठीत कसे?' विचारणारे चांगलेच लोक असतात, दोन्हीकडचे असतात. माझ्या घरात दखनी बोलली जाते. शाळेत, बाजारात, शेतात, एसटीत मराठी. कविता आली ती मराठीतून आली. तिला मी बोलावलं नव्हतं आणि परत पाठवायचंही मला सुचलं नाही.

या शहरात असा वाद निघाला की कुणीतरी वली औरंगाबादीचं नाव घेतंच. घ्यायलाच हवं. तीनशे वर्षांपूर्वी दिल्लीचे शायर फारसीत लिहीत होते. घरच्या बोलीत शायरी करणं त्यांना हलकं वाटे. वली १७०० च्या सुमारास दिल्लीला गेला, पुढे त्याचा दिवाण तिथं पोचला, आणि दखनच्या या बोलीतून इतकं नाजूक लिहिता येतं हे दिल्लीनं पाहिलं. उर्दू शायरीचा रस्ताच बदलला. 'बघा,' लोक म्हणतात, 'शेवटी टिकते ती आपलीच भाषा.' अगदी कबूल. पण 'आपली' म्हणजे कुणाची? वलीनं कुणाच्या सांगण्यावरून बोली निवडली नव्हती. जी त्याच्या जिभेवर होती ती त्यानं पानावर आणली. मुंबईच्या ज्या घरांत, ज्या कॉलेजांत ही पोरं वाढली, तिथं त्यांच्या जिभेवर इंग्रजी होती. ती उसनी असती तर त्यांनी आयुष्यभर परकी गाणीच वाजवली असती. त्यांनी स्वतःची लिहिली, यातच उत्तर आलं. बाजारानं त्यांना मागे सारलं, हा बाजाराचा निकाल. त्यांची भाषा खोटी होती, असा त्याचा अर्थ होत नाही.

आणि मराठीचं म्हणाल, तर या ठेक्याशी मराठीचं वैर कधी नव्हतं. आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे मुंबईत इंग्रजी रॉक गायचे. १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्यांनी जुडासची भूमिका केली. हाच माणूस १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'मध्ये मराठी गात उभा राहिला, आणि त्या नाटकाच्या संगीतकारांतही त्यांचं नाव होतं. जब्बार पटेलांच्या त्या नाटकात लावणीचा बाज आणि रॉकचा ठेका एकाच रंगमंचावर नांदले. प्रेक्षकांनी कुणाला हाकललं नाही. पुढे १९९८ मध्ये मिलिंद इंगळे यांचा 'गारवा' आला. त्यात सौमित्रची कविता आधी बोलली जाते आणि मग गाणं सुरू होतं. हातात गिटार घेणाऱ्या मराठी पोरांनी त्या कविता तोंडपाठ केल्या. वहीतली कविता गाण्यात आली की काय होतं, ते लॉस एंजेलिसनं पाहिलं तसं आपणही पाहिलं.

आज गाणं हातातल्या फोनवर दिसतं. वाहिनीची परवानगी लागत नाही. कुणीही घराच्या गच्चीवर व्हिडिओ काढावा आणि जगापुढे ठेवावा. आमच्या इथली पोरंही आता रॅप करतात, एका कडव्यात मराठी, दखनी आणि इंग्रजी एकत्र नांदवतात. परवा एकानं मला विचारलं, 'चाचा, यातली कोणती भाषा ठेवू?' मी त्याला म्हणालो, 'जी खोटी वाटेल ती काढ. उरेल ती तुझी.' त्यानं थोडा वेळ विचार केला आणि एकही काढली नाही.