पिकअपचा हौदा आणि माझं फसलेलं दुसरं प्रकरण

बऱ्याच जणांनी विचारलं होतं की दुसरं प्रकरण पुन्हा का लिहायला घेतलं. त्याचं उत्तर एका गाडीत आहे. १९७८ ची टोयोटा पिकअप, पिवळी, अकरा वर्षं एका गोठ्यात उभी होती. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, "टेम्पो घेतलास होय?" बरोबरच आहे. फिरोदियांच्या बजाज टेम्पोनं आपल्याला तो शब्द इतका पक्का दिला की मागे हौदा असलेली कुठलीही छोटी गाडी आपल्यासाठी टेम्पोच असते. हौदा हा शब्द मात्र लक्षात ठेवा. पुढची सगळी भानगड हौद्याचीच आहे.

आधी माझी चूक सांगतो, कारण तुम्ही प्रपोजल लिहिताना हीच चूक करण्याची शक्यता आहे.

माझा विषय अमेरिकेचं व्यापार धोरण आणि जपानी वाहनं. त्यात 'चिकन टॅक्स' नावाचं एक प्रसिद्ध प्रकरण येतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन कोंबडी पश्चिम जर्मनीत धो धो विकली जात होती. १९६२ मध्ये युरोपीय सामायिक बाजारानं तिच्यावर जबर कर लावला. भांडण गॅटपर्यंत गेलं आणि तिथे अमेरिकेचं नुकसान २ कोटी ६० लाख डॉलर ठरलं. डिसेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्याची भरपाई म्हणून बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के आयात शुल्क लावलं. नेम होता जर्मनीच्या फोक्सवॅगनवर. पण गॅटच्या नियमानं शुल्क एकट्या देशावर लावता येत नव्हतं, म्हणून ते सगळ्यांनाच लागलं. बाकीच्या वस्तूंवरचं पुढे गेलं, ट्रकवरचं राहिलं.

आता पुढचं चित्र बघा. हायलक्स १९६८ मध्ये जपानात आली आणि लगेच अमेरिकेत पोचली. डॅटसनच्या पिकअप तर त्याच्या आधीपासून तिथे होत्या. सत्तरच्या दशकात, विशेषतः १९७३ च्या तेलटंचाईनंतर, कॅलिफोर्नियात माळी, शेतकरी, सुतार, सर्फिंग करणारी पोरं, ज्याच्या त्याच्या दारात जपानी पिकअप दिसायला लागली. मग माझा प्रश्न तयार झाला: २५ टक्के शुल्क भरूनही या गाड्या इतक्या स्वस्त कशा? उत्तरही तयार होतं. जपानी कारखान्यांची शिस्त, येनचा दर, छोटं इंजिन, कमी पेट्रोल. तीस पानं लिहिली. वाचायला झकास होती.

एक खडा मात्र टोचत होता. विक्रीचे आकडे मोठे होते, पण आयातीच्या तक्त्यातली जपानी 'ट्रक' ची ओळ त्या मानानं फारच बारीक होती. दोन्हींचा मेळ बसेना. मग मी काय केलं? तळटीप टाकली: 'वर्गीकरणातील फरकामुळे तफावत संभवते.' हे वाक्य तुमच्या मसुद्यात कुठे असेल तर आजच त्याच्याखाली लाल रेघ मारा. जिथे आपण 'संभवते' लिहून पुढे सटकतो, बऱ्याचदा तिथेच खरं प्रकरण दडलेलं असतं.

गाडी घेतली ती संशोधनासाठी वगैरे नाही. स्वस्तात मिळाली आणि माझ्या घरमालकाला जुन्या गाड्यांचा नाद आहे, एवढंच. अकरा वर्षं बंद असलेल्या गाडीला थेट स्टार्टर मारायचा नसतो, हे त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं. स्पार्क प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं आणि दोन दिवसांनी क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. २०आर इंजिन, चार सिलिंडर, सुमारे २.२ लिटर. आधी हलेना, मग कुरकुरत फिरलं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार थाटला होता. टाकीतल्या पेट्रोलचं व्हार्निशसारखं चिकट राळ झालं होतं. कार्ब्युरेटर तीनदा उघडला. दोनदा नीट जोडता आला नाही हे कबूल करतो. ब्रेकचे सगळे रबरी सील दगडासारखे झालेले. ब्रेकची पाइप चेसिसवर गंजली होती आणि तिथे हात पोचावा म्हणून आम्ही हौदाच उतरवायचं ठरवलं.

या पिकअपची केबिन आणि हौदा वेगवेगळे असतात. दोन्ही स्वतंत्रपणे चेसिसवर बोल्टनं बसवलेले. गंजके बोल्ट सोडवून चौघांनी हौदा उचलून बाजूला ठेवला, आणि पन्नासेक वर्षांत बहुधा कुणी न पाहिलेल्या दोन भिंती समोर आल्या: केबिनची पाठ आणि हौद्याचं तोंड. वरचा पिवळा रंग दोन्हीकडे सारखाच. पण जिथे तो खरवडला गेला होता तिथे केबिनच्या खालचं प्रायमर राखाडी होतं आणि हौद्याचं तांबूस.

तुम्ही असता तर काय निष्कर्ष काढला असता? माझा पहिला अंदाज अगदी साधा होता: कधीतरी अपघात झाला असेल आणि भंगारातून दुसरा हौदा आणून बसवला असेल. घरमालक म्हणाला, "नाहीतर तो पहिल्यापासूनच दुसरीकडे बनला असेल." तो गंमतीत बोलला. मला रात्री ती तळटीप आठवली.

दुसऱ्या दिवशी शुल्काचे तक्ते पुन्हा काढले. या वेळी 'ट्रक' ची ओळ सोडून आजूबाजूच्या ओळी वाचल्या. तिथे होतं. ट्रक पूर्ण असेल तर २५ टक्के. पण हौद्याशिवाय, म्हणजे नुसती केबिन आणि चेसिस आली, तर ४ टक्के. जहाजातून गाडी बोडकी उतरवायची, हौदा अमेरिकेत चढवायचा, झाला ट्रक! टोयोटासाठी १९७२ पासून लाँग बीचमध्ये हे हौदे बनायला लागले. आज कंपनी स्वतः या कामाला उत्तर अमेरिकेतल्या आपल्या उत्पादनाची सुरुवात मानते. म्हणजे ज्या कारखानदारीचे आज इतके गोडवे गायले जातात, तिचा पाया शुल्क चुकवण्यासाठी ठोकलेल्या पत्र्याच्या खोक्यावर उभा आहे.

आणि गंमत म्हणजे ही वाट एकट्या जपान्यांची नव्हती. फोर्डची 'कुरियर' माझ्दानं बनवलेली, शेव्हरोलेची 'लव्ह' इसुझूनं. दोन्ही १९७२ च्या, दोन्ही अशाच बोडक्या यायच्या. ज्यांच्या संरक्षणासाठी शुल्क आहे असं मी लिहिलं होतं, त्याच कंपन्या त्याच्याखालून वाकून जात होत्या. सुबारूची तऱ्हा तर आणखी न्यारी. त्यांनी 'ब्रॅट' च्या हौद्यात मागे तोंड करून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बसवल्या आणि सांगितलं, हा ट्रक नाही, ही प्रवासी गाडी आहे. रोनाल्ड रेगन यांच्या रँचवरही एक ब्रॅट होती.

माझा प्रश्नच खोटा होता. 'शुल्क भरूनही स्वस्त कशा' असं विचारत मी तीस पानं घालवली, आणि शुल्क भरलंच गेलं नव्हतं. ॲडव्हायझरना ईमेल लिहायला मला चार दिवस लागले. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: आता खरं प्रकरण लिही.

पुढचं साहित्य लाँग बीचमध्ये होतं, तिथली सत्तरच्या दशकातली स्थानिक वर्तमानपत्रं बघायची होती. विमानानं तासाभरात पोचलो असतो. पण गाडी चालू झाली होती, ब्रेक लागत होते, आणि खरं सांगायचं तर मोह आवरला नाही. सॅक्रामेंटोजवळून निघालो, सुमारे साडेसहाशे किलोमीटर. मुद्दाम ९९ नंबरचा हायवे धरला. स्टॉकटन, मोडेस्टो, फ्रेस्नो, बेकर्सफिल्ड अशी शेतीची गावं त्याच्यावर आहेत आणि या गाड्या तिथेच सर्वांत जास्त राबल्या. ताशी ऐंशी-नव्वदच्या वर आम्ही गेलो नाही. बदामाच्या बागा, द्राक्षं, धूळ, आणि शेजारून भोंगा वाजवत जाणारे ट्रक.

अशा गाडीचा एक फायदा म्हणजे मुलाखती मागाव्या लागत नाहीत. प्रत्येक पेट्रोल पंपावर कुणीतरी येऊन हौद्यावर हात ठेवतंच. कुणाच्या वडिलांकडे होती, कुणी तिच्यात कलिंगडं वाहिली, कुणी तिच्यातून लग्न करून आलं. फ्रेस्नोच्या अलीकडे एक म्हातारा मेकॅनिक भेटला. त्यानं न विचारताच सांगितलं की गाड्या बंदरावर उघड्या यायच्या, हौदे नंतर लागायचे. मी उडालोच! पण मग तो म्हणाला की हे सगळं १९६५ चं, आणि बंदर वेगळंच सांगितलं. टोयोटाची ही पिकअप तेव्हा जन्मलीही नव्हती. तो खोटं बोलत नव्हता. गोष्ट त्याच्या लक्षात होती, तिचा पत्ता हरवला होता. तोंडी इतिहास गोळा करणाऱ्यांनो, अशी मुलाखत फेकून देऊ नका आणि तशीच छापूही नका. ती शोधाची दिशा देते. तारीख कागदावरून घ्या.

बेकर्सफिल्डनंतर ग्रेपव्हाइनचा चढ लागतो. तिथे रस्त्याच्या कडेला पाट्याच आहेत की इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा. आमच्याकडे एसी नव्हताच. जुलैच्या उन्हात काटा लाल रेघेकडे सरकला तेव्हा उलटं करावं लागलं, हीटर पूर्ण चालू! इंजिनची उष्णता अशीच बाहेर काढतात. खिडक्या उघड्या, पायावर गरम वाफ, पुढे फळांनी भरलेला कंटेनर. घाट चढलो. वर थांबून पाहिलं तर होज किंचित गळत होता, आणि तो मीच सैल आवळला होता.

लाँग बीचच्या उत्तरेला तो कारखाना आजही आहे. आत जाता येत नाही, आम्ही परवानगी मागितलीही नव्हती. रस्त्याच्या पलीकडे गाडी लावली, डबा खाल्ला, एक फोटो काढला. मग तीन दिवस वाचनालयात.

प्रकरणाचा शेवटही आता बदलला आहे. १९८० मध्ये कस्टम्सनं वर्गवारी बदलली आणि बोडकी गाडीही ट्रकच ठरवून २५ टक्के लावले. टोयोटा कोर्टात गेली आणि १९८४ मध्ये हरली. निसाननं तोवर वेगळा मार्ग धरला होता. टेनेसीतल्या स्मर्ना इथल्या त्यांच्या कारखान्यातून जून १९८३ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली, ती पिकअपच होती. माझी जुनी तीस पानं बावीसवर आली आहेत. तळटीप गेली, तिच्या जागी साडेतीन पानं आहेत.

राहता राहिला आमचा हौदा. तो लाँग बीचमध्येच बनला की भंगारातून आला, हे तांबूस प्रायमरवरून सिद्ध होत नाही. भंगारातला असला तरी त्याच्याही खाली तेच प्रायमर असू शकतं. म्हणून प्रबंधात या गाडीचा पुरावा म्हणून उल्लेख नाही, फक्त ऋणनिर्देशात आहे, घरमालकाच्या नावाच्या खाली. हौदा परत बसवताना दोन बोल्ट कमी पडले. ते अजून आणायचे आहेत.