आठवणींची साक्ष

हीरक महोत्सवाच्या या ग्रंथात आपल्यापैकी अनेकांनी आठवणी लिहिल्या आहेत. भिलाईतील मराठी समाजाचा इतिहास उद्या कोणी लिहू लागला, तर त्याला याच आठवणींचा आधार घ्यावा लागेल. त्यांवर कितपत विसंबावे, हा प्रश्न म्हणूनच आपल्या जिव्हाळ्याचा आहे.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक 1857 मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. ती हकीकत त्यांनी सुमारे 25 वर्षांनंतर, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून लिहिली. वैद्यांनी तिच्यावर आपला हात फिरवून ती 1907 मध्ये प्रसिद्ध केली. दत्तो वामन पोतदारांनी संपादिलेला मूळ हस्तलिखिताचा पाठ 1966 मध्ये आला. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे वाचक ज्याला गोडसेभटजींचे शब्द समजत होते, त्यांत वैद्यांचेही शब्द मिसळलेले होते.

मग हे पुस्तक अविश्वसनीय ठरते काय? तसे नाही. एप्रिल 1858 मध्ये झाशी इंग्रजांच्या हाती पडली, तेव्हा गोडसे शहरातच होते. तेथील लूट आणि कत्तल यांविषयीची त्यांची साक्ष मोलाची आहे. उलट, इंग्रजांनी कलकत्त्यास राजेरजवाड्यांपुढे 84 कलमे ठेवल्याची कथा ऐकीव आहे. घटना म्हणून ती टिकत नाही. परंतु लोक तेव्हा कशाला भीत होते, याचा तो अस्सल पुरावा होय.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना बखरींहून समकालीन पत्रांना अधिक मान दिला. पत्र लिहिणाऱ्याला पुढे काय घडणार हे ठाऊक नसते. आठवणी लिहिणाऱ्याला ते ठाऊक असते.

हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. ‘1959 साली आम्ही छत्तीसगड राज्यात राहत होतो’ असे कोणी लिहिले, तर ती चूक आहे. हे राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी झाले, तेव्हा दुर्ग जिल्हा मध्य प्रदेशात होता. परंतु तेवढ्यावरून, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद पहिल्या ब्लास्ट फर्नेसच्या उद्घाटनास आले, त्या दिवशीची गर्दी पाहिल्याची त्यांची आठवण खोटी ठरत नाही. नाव नंतरचे, दृश्य तेव्हाचे.

तेव्हा पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे नोंदवावे. घरातील जुनी पत्रे व प्रगतिपुस्तके जपावीत. छायाचित्रांच्या पाठीमागे नावे आणि साल लिहावे. कारखाना उभा राहताना येथे आलेल्या पिढीतील थोडेच लोक आज आपल्यात आहेत. त्यांना विचारायचे ते आताच विचारून घेतले पाहिजे.