लाकडी घोड्यांची चक्री

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी शनिवारवाडा किंवा केसरीवाडा हाच विषय घेईन, अशी त्यांची समजूत असावी. परंतु त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगावयाची आहे ती लाकडी घोड्यांच्या चक्रीची हकीकत. जत्रेत नातवंडांना बसवून आपण कौतुकाने पाहत उभ्या राहतो, तीच ही चक्री.

हिचे घराणे राजदरबारचे. भरधाव घोड्यावरून जाताना टांगलेली कडी भाल्याच्या टोकाने उचलावयाची, असा खेळ युरोपातील सरदार खेळत. त्याच्या सरावासाठी खांबाभोवती लाकडी घोडे फिरवू लागले आणि त्यातून पुढे ही मुलांची चक्री आली, असे मानतात. आरंभी ती माणसे किंवा जनावरे ओढीत; १८६० नंतर वाफेचे इंजिन आले, मग वीज आली. इंग्लंडातील चक्री घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, अमेरिकेतील उलट. त्यामुळे अमेरिकेतील घोड्याची उजवी बाजू लोकांना दिसते. सारे कोरीव काम त्याच बाजूला. आतली बाजू साधीच. पैठणीचा पदर मिरवावयाचा आणि खोचलेला भाग कोण पाहतो, त्यातलाच हा प्रकार!

फिलाडेल्फिया टोबोगन कंपनीने १९२२ साली केलेली अशीच एक चक्री ओहायो राज्यातील यंगस्टाउन या पोलादाच्या गावी, आयडोरा पार्कमध्ये होती. घोडे ४८, शिवाय बसावयास दोन रथ. गावातील मुलांच्या दोन-तीन पिढ्या तिच्यावर बसल्या. १९८४ साली पार्कला आग लागली, पार्क बंद पडले आणि चक्री लिलावात निघाली. अशा लिलावात घोडे सुटे सुटे विकले जात आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत जाऊन उभे राहत. न्यूयॉर्कच्या जेन वॉलेन्टास आणि त्यांचे यजमान डेव्हिड यांनी मात्र ही चक्री ३,८५,००० डॉलर देऊन सबंध घेतली.

खरे काम पुढेच होते. घोड्यांवर वर्षानुवर्षांच्या रंगांची पुटे चढली होती. जेनबाईंनी बारीक पात्याने ती खरवडून खालचा मूळ रंग शोधला, त्याची नोंद ठेवली आणि त्याबरहुकूम घोडे पुन्हा रंगविले. यात वीस वर्षांहून अधिक काळ गेला. सप्टेंबर २०११ मध्ये ब्रुकलिनच्या नदीकाठच्या बागेत, पारदर्शक भिंतींच्या मंडपात, चक्री लोकांसाठी सुरू झाली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, सँडी वादळाचे पाणी मंडपाला चहूकडून वेढून राहिले. घोडे मात्र बचावले. २०२० साली जेनबाई वारल्या.

नदीचे पाणी दाराशी येणे म्हणजे काय, हे नारायण पेठेला सांगावयास नको. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर माझ्या सासूबाई भांड्याकुंड्यांपेक्षा वाहून गेलेल्या फोटोंचीच हळहळ अधिक करीत. पण पुराने नेले त्याचा दोष कोणाला देणार? आपण आपल्या हातांनी घालवतो त्याचे काय? वाडे पडले, आणि खांब, कोरीव चौकटी जुन्या बाजारात सुट्या सुट्या गेल्या. आमच्या शेजारच्या वाड्यातील झोपाळ्याचा पाट एकाने नेला, पितळी कड्या दुसऱ्याने. त्यावर डोहाळजेवणे झाली, बाळे निजली. आता कड्या आहेत, पाटही असेल, झोपाळा नाही.

प्रत्येक वाडा काही आपल्याच्याने वाचणार नाही. घरे मोडकळीस आली, माणसांनाही सोयीने राहावेसे वाटते. ते गैर नव्हे. परंतु वस्तू मोडण्यापूर्वी तिचे माप, फोटो आणि तिच्यावर कोण बसले त्यांची नावे लिहून ठेवणे आपल्या हाती आहे. आणि एखादा झोपाळा सबंध राहून मंडळाच्या सभागृहात टांगला जाईल, तर फारच उत्तम. माझी सूचना एवढीच की, मंडळाने यंदा त्यासाठी एक वही घालावी. ज्यांच्या घरी जुना झोपाळा, पाळणा किंवा लाकडी घोडा असेल, त्या भगिनींनी त्याची नोंद तीत करावी. आमच्या घरच्या पाळण्याची पहिली नोंद करावयास मी तयार आहे.