लाइव्ह कार्यक्रमासाठी स्वस्तातला अरेंजर कीबोर्ड कसा निवडायचा?

गेल्या गणेशोत्सवात पवन मावळातल्या एका गावात भक्तिगीतांचा कार्यक्रम होता. मी कीबोर्डवर होतो. दोन गाणी झाली आणि मध्येच सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, भाषणं असं करत अर्धा तास कधी उलटला ते कळलंच नाही. मग गायकाने गाणं उचललं, मी रिदमचं बटण दाबलं, तर स्क्रीन काळी! घाईघाईने कीबोर्ड चालू केला, पण आधी लावलेला ट्रान्सपोज गेला होता. गायक काळी दोनमध्ये आणि मी पांढरी एकमध्ये. पुढे काय झालं ते सांगायला नको.

कीबोर्डमध्ये बिघाड नव्हता. बराच वेळ कोणी हात लावला नाही तर स्वतःहून बंद होण्याची सोय त्यात होती आणि ती मला माहीत नव्हती. घरी ही सोय वीज वाचवते, स्टेजवर मात्र अब्रू घालवते. म्हणून लाइव्हसाठी कीबोर्ड घेताना आवाज किती, रिदम किती हे आकडे नंतर बघा. आधी बघा की चालू गाणं थांबणार नाही ना.

अरेंजर म्हणजे काय?

आपल्याकडे कुठल्याही कीबोर्डला सर्रास ‘कॅसिओ’ म्हणतात. पण प्रकार वेगवेगळे आहेत. अरेंजरमध्ये तुम्ही डाव्या हाताने कॉर्ड धरता आणि ड्रम, बेस, गिटार अशी अख्खी साथ कीबोर्ड देतो. ही साथ साधारणपणे रेकॉर्ड केलेलं गाणं नसते. कोणता स्वर कधी आणि किती जोरात वाजवायचा याची ती नोंद असते, म्हणजे मिडी डेटा. तुम्ही कॉर्ड बदलली की कीबोर्ड त्या नोंदीतले स्वर नव्या कॉर्डप्रमाणे सरकवतो. म्हणूनच टेम्पो कमी-जास्त केला तरी आवाज फाटत नाही. याच साथीला यामाहा ‘स्टाइल’ म्हणते, तर कॅसिओ ‘रिदम’.

तुमच्या ग्रुपमध्ये ढोलकी आणि ऑक्टापॅड वाजवणारे असतील, तर कदाचित अरेंजर लागणारच नाही. अशा वेळी रोलँड एक्सपीएस-१० सारखा सिंथेसायझर जास्त उपयोगी पडतो. अरेंजर खरा कामाचा ठरतो तो दोन-तीन जणांच्या छोट्या ग्रुपला.

ठेका आपला आहे का?

दोनशे रिदम असतील, पण त्यातले दीडशे पाश्चात्त्य असतील तर हळदीच्या कार्यक्रमात त्यांचा उपयोग काय? आठ मात्रांचा केरवा, सहा मात्रांचा दादरा आणि भजनी ठेका हे तीन आधी वाजवून बघा. भारतीय बाजारासाठीची मॉडेल वेगळी येतात. यामाहाचा पीएसआर-आय५०० त्यातलाच. कॅसिओच्या मॉडेलच्या नावाशेवटी ‘आयएन’ असतं, उदाहरणार्थ सीटी-एक्स९०००आयएन. यात तबला, तानपुरा यांसारखे आवाज आणि भारतीय ठेके मिळतात.

बाहेरून आणलेला रिदम पेनड्राइव्हवरून टाकता येतो का, हेही विचारा. यामाहाची आणि कॅसिओची फाइल वेगळी असते. एकाची दुसऱ्यात थेट चालत नाही.

पट्टी बदलता आली पाहिजे

गायक येऊन म्हणतो, ‘काळी दोन लाव.’ तुम्ही पांढरी एकमध्ये वाजवत असाल, तर ट्रान्सपोज अधिक तीन करायचा. काळी एकसाठी अधिक एक. हे काम दोन-तीन सेकंदांत व्हायला हवं. त्यासाठी मेनूत खोल शिरावं लागत असेल तर स्टेजवर त्रास होईल. सोबत जुनी पेटी असेल तर तिची पट्टी ४४० हर्ट्झपेक्षा थोडी वर-खाली असू शकते. तेव्हा ट्यूनिंगची सेटिंग कुठे आहे ते आधीच शोधून ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे रजिस्ट्रेशन मेमरी. आवाज, ठेका, टेम्पो, ट्रान्सपोज हे सगळं एका बटणावर साठवता येतं. यामाहा पीएसआर-ई४७३ मध्ये अशा ३२ जागा आहेत. एका संध्याकाळच्या कार्यक्रमाला तेवढ्या पुष्कळ झाल्या. हे मी त्या दिवशी केलं असतं तर एका बटणात काळी दोनवर परत आलो असतो.

पॉलिफोनीचा आकडा का महत्त्वाचा?

एकाच वेळी किती स्वर वाजू शकतात तो हा आकडा. ड्रम, बेस, साथ आणि तुमचा उजवा हात, सगळे यातूनच वाटा घेतात. आकडा कमी पडला की आधीचे स्वर मध्येच तुटतात. यामाहा पीएसआर-ई३७३ मध्ये तो ४८ आहे, ई४७३ आणि कॅसिओ सीटी-एक्स३००० मध्ये ६४, तर पीएसआर-एसएक्स६०० मध्ये १२८. सुरुवातीला ६४ वर काम भागतं. एसएक्स६०० चांगला आहे, पण किमतीत बरीच मोठी उडी आहे.

मिक्सरला आवाज कसा जाणार?

स्वस्त मॉडेलमध्ये बऱ्याचदा फक्त हेडफोनचं छिद्र असतं. त्यात साधी मोनो केबल खुपसली तर स्टिरिओचा एकच भाग पुढे जातो. शिवाय पिन लावली की कीबोर्डचे स्वतःचे स्पीकर बंद होतात, म्हणजे तुम्हालाच काही ऐकू येत नाही. डावं-उजवं असं वेगळं लाइन आउटपुट असेल तर उत्तम. नसेल तर एका स्टिरिओ पिनच्या दोन मोनो पिना करणारी केबल जवळ ठेवा. मंडपात घुंईऽऽ आवाज येत असेल तर डीआय बॉक्स वापरा.

वीज गेली तर?

बॅटरी टाकली की निश्चिंत, असं समजू नका. काही मॉडेलमध्ये बॅटरी आत असूनही अडॅप्टर निघाला की कीबोर्ड बंद होऊ शकतो. हे घरी करून बघा. राउटरचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस तर डोळे झाकून लावूच नका. कॅसिओ सीटी-एक्स३००० चा अडॅप्टर १२ व्होल्टचा आहे, पण सीटी-एक्स५००० चा २४ व्होल्टचा. चुकीचा व्होल्टेज दिला तर कीबोर्ड जळू शकतो. त्यापेक्षा कॉम्प्युटरचा साधा यूपीएस घ्या आणि मूळ अडॅप्टर त्यात लावा. अडॅप्टरची वायर स्टँडला एक वेढा देऊन बांधा, म्हणजे कोणाचा पाय अडकला तरी पिन निघणार नाही.

ऑटो पॉवर ऑफ बंद कसा करायचा ते मॅन्युअलमध्ये असतं. यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलमध्ये सगळ्यात डावीकडची पट्टी दाबून ठेवून कीबोर्ड चालू केला की ही सोय बंद होते.

पावसाळ्यातली काळजी

लोणावळ्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. ओली बॅग घरी आल्यावर तशीच बंद ठेवू नका. कीबोर्ड बाहेर काढा, पुसा, बॅग वेगळी वाळवा. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. दमट हवेत पट्ट्यांखालचे कॉन्टॅक्ट खराब होतात आणि मग एखादा स्वर वाजतच नाही किंवा एकदम जोरात वाजतो.

दुकानातली १५ मिनिटं

ऑनलाइन ऑर्डर देण्याआधी एकदा लोकल पकडून पुण्याला जा आणि दुकानात प्रत्यक्ष वाजवून बघा. मोबाइलमध्ये ही यादी ठेवा:

- केरवा, दादरा, भजनी ठेका ऐकले का?
- गाणं चालू असताना ट्रान्सपोज किती सेकंदांत बदलतो?
- रजिस्ट्रेशन बदलताना ठेका तुटतो का?
- लाइन आउटपुट आणि माइक इनपुट आहे का?
- ऑटो पॉवर ऑफ बंद करता येतो का?
- सर्व्हिस सेंटर जवळ कुठे आहे?

वाजवताना मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि घरी येऊन शांतपणे ऐका. तुमच्या ग्रुपच्या गायकालाही ऐकवा, कारण स्टेजवर तोच तुमच्या भरवशावर उभा असतो.