कुटुंबनियोजन खाते आणि महसुली शिरस्ता

केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयात 1966 साली कुटुंबनियोजनाचे जे स्वतंत्र खाते निर्माण झाले, 1977 मध्ये ज्याला कुटुंबकल्याण हे नाव मिळाले आणि 2005 साली आरोग्य खात्यात विलीन होऊन ज्याचे पृथक अस्तित्व संपले, त्याच्या इतिहासाचा आरंभ दिल्लीतील दप्तरांच्या कितीतरी आधी, मुंबईत शोधावा लागतो. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली येथे संततिनियमनाचे केंद्र उघडले, या कार्यापायी विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडली, 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली खटलेही सोसले. त्यांपैकी एका खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. पुढे 1938 च्या नोव्हेंबरात आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा सरकारने प्रसार करावा असा ठराव मांडला, आणि तो नामंजूर झाला. कर्वे असोत वा आंबेडकर, दोघांच्याही विवेचनात स्त्रीच्या इच्छेला अग्रस्थान होते, आणि वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या बाईला त्यांतून सुटका मिळण्याचा हक्क आहे, ही त्यांची भूमिका होती. हा धागा सरकारी दप्तरात पोहोचेपर्यंत कोठे तुटला, हे पाहणे मला या खात्याच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे काम वाटते.

सरकारी कार्यक्रम 1952 पासून सुरू झाला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी 65 लक्ष रुपयांची तरतूद होती. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृतकौर यांचा कल संयमाकडे व नैसर्गिक पद्धतीकडे असल्यामुळे परदेशातून आलेल्या डॉ. अब्राहम स्टोन यांच्या सल्ल्याने दिल्लीच्या लोदी कॉलनीत व म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे स्त्रियांना मासिक चक्राचे दिवस मोजण्यासाठी रंगीत मण्यांच्या माळा देऊन प्रयोग करण्यात आले. पण त्या फारशा उपयोगी पडल्या नाहीत. तरीही, निरक्षर बाईच्या हाती तिच्या स्वतःच्या देहाचे गणित देऊ पाहणारा हा प्रयत्न सर्वस्वी टाकाऊ होता, असे मला म्हणवत नाही.

1966 नंतर खात्याचा विस्तार झपाट्याने झाला. खात्यातील श्री. डी. के. त्यागी यांच्या प्रयत्नांतून कुटुंबनियोजनाचे चिन्ह असलेला लाल त्रिकोण आणि आई, बाप, मुलगा, मुलगी यांचे चार चेहरे हिंदुस्थानभर भिंतींवर चढले, आणि 1968 पासून निरोध कंडोम तीन नगांस पंधरा पैसे या दराने चहाच्या व साबणाच्या मोठ्या कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेतून खेड्यांतील किराणा दुकानांपर्यंत पोहोचला. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींतून 1971 चा गर्भपाताविषयीचा कायदा झाला. स्त्रियांचे प्राण वाचविणारे असे कायदे आपल्याकडे फार थोडे झाले आहेत.

परंतु या खात्याने आपल्या कामाचा हिशेब ठेवण्यासाठी जी रीत पत्करली, ती जमीनमहसुलाची होती. नसबंदीच्या शस्त्रक्रियांचा वार्षिक लक्ष्यांक वरून ठरे, तो राज्यांत, राज्यांतून जिल्ह्यांत, जिल्ह्यांतून तालुक्यांत फाळून दिला जाई, आणि शेवटी नर्सबाई, प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक व तलाठी यांच्या माथी अमुक इतक्या 'केसेस' पडत. मार्चअखेर बाकी राहिली की मामलेदाराचा तगादा सुरू होई. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यास आणि त्याला आणणाऱ्यास रोख रक्कम मिळे. केरळात एर्नाकुलमच्या कलेक्टरांनी 1971 च्या जुलै महिन्यातील एका शिबिरात 63 हजारांहून अधिक पुरुषांच्या नसबंद्या घडवून आणल्या, त्याचे सर्वत्र कौतुक झाले, आणि जिल्ह्याची सर्व यंत्रणा एकदा या कामी जुंपली म्हणजे काय साधते याची खूण वरिष्ठांना पटली. ज्या तलाठ्याच्या शब्दावर सात-बाराचा उतारा अवलंबून, त्याने शस्त्रक्रियेचा आग्रह धरल्यावर कुळाने नकार द्यावा कसा?

आणीबाणीत या शिरस्त्याला सक्तीचे बळ लाभले. एप्रिल 1976 मध्ये राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर झाले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन हयात अपत्यांनंतर नसबंदी अनिवार्य करणारे विधेयक संमत केले. ज्या मुंबईत कर्व्यांनी स्वेच्छेचा पुरस्कार करून उपेक्षा सोसली, त्याच मुंबईत हा कायदा रचला जावा, ही गोष्ट आपण महाराष्ट्रीयांनी विसरता कामा नये. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो अमलात आला नाही, एवढेच आपले भाग्य. 1976-77 या एका वर्षात देशात सुमारे 82 लक्ष शस्त्रक्रिया झाल्या, आणि पुढे आणीबाणीतील गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालात अविवाहितांच्या नसबंदीच्या 548 तक्रारी व शस्त्रक्रियेशी निगडित 1,774 मृत्यू नोंदले गेले.

पुढच्याच वर्षी शस्त्रक्रियांची संख्या दहा लक्षांच्याही खाली आली. खात्याने नाव बदलले, बालकांच्या लसीकरणाचे व मातांच्या आरोग्याचे मोठे काम अंगावर घेतले, आणि 1995 पासून पोलिओचे थेंब पाजणाऱ्या आणि पुढे त्यासाठी दारोदार हिंडलेल्या त्याच नर्सबाईंनी या देशातून त्या रोगाचे उच्चाटन घडविण्यात मोठा वाटा उचलला. लक्ष्यांकांची पद्धत मात्र 1996 पर्यंत टिकली. पुरुष एकदा जो बिथरला तो परतला नाही, आणि त्याच्या वाट्याचा भार शिबिरांत रांगेने निजविलेल्या स्त्रियांवर आला. खाते मोडल्यानंतर दीड दशकाने झालेल्या 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी शेकडा 37.9 जणींनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतल्याचे आढळले. ज्यांच्या नवऱ्यांनी ती करून घेतली होती त्यांचे प्रमाण शेकडा 0.3 होते.